वाचक विचारतात : डॉलंडांचं दुकान आणि आपली दुकानं

गेल्या अंकात चाळिशीच्या चष्म्याबद्दल लिहिताना मी लंडनच्या डॉलंड नावाच्या चष्मेवाल्या घराण्याचा एका ओळीत उल्लेख केला होता, म्हणजे एवढंच की १७५० साली सुरू झालेलं एका घराचं दुकान २००९ पर्यंत त्याच नावाने चालू होतं. त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आली तेवढी बाकी अख्ख्या लेखावर नाही आली. बरीचशी चष्म्याची दुकानं चालवणाऱ्या घरांतूनच आलीयत, आणि वाचताना मला फार आनंद झाला, कारण मीही लग्न होऊन अशाच एका घरात आले आणि सासऱ्यांच्या हाताखाली फिटिंग शिकले. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, त्यातली काही निवडलीयत.

ताई नमस्कार. आमचं दुकान आजोबांनी काढलं, मग वडील, आता मी बसतो. तिसऱ्या पिढीतच एवढी दमछाक होतेय तर या डॉलंड लोकांनी अडीचशे वर्षं कशी काढली? नीट सविस्तर सांगाल का?
*– एक वाचक, मिरज*

सांगते ना, आणि सविस्तरच सांगते, कारण ही गोष्ट सुरूच मुळी उलटी होते. आपल्याकडे बाप दुकान काढतो आणि पोरगा शाळा सुटल्यावर गल्ल्याशेजारी स्टुलावर बसून शिकतो. इथे दुकान पोराने काढलं आणि बाप नंतर त्याला येऊन मिळाला.

हे घर मूळचं फ्रान्समधलं, ह्युगेनॉट म्हणजे प्रोटेस्टंट पंथाचं. १६८५ साली फ्रान्सच्या राजाने या लोकांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं तेव्हा हजारो कुटुंबं देश सोडून निघाली आणि त्यातली पुष्कळशी लंडनच्या पूर्वेला स्पिटलफील्ड्स नावाच्या भागात येऊन राहिली. तिथे त्यांचा धंदा रेशीम विणायचा. जॉन डॉलंड १७०६ साली त्याच वस्तीत जन्मला आणि वडील लवकर गेल्यामुळे लहानपणीच मागावर बसला. पण या माणसाला गणिताचं भयंकर वेड होतं, दिवसभर माग आणि रात्री पुस्तकं, भूमिती, प्रकाशशास्त्र, वर लॅटिन आणि ग्रीकसुद्धा, आणि सगळं स्वतःचं स्वतः शिकलेलं. त्या विणकरांच्या वस्तीत तेव्हा एक गणित मंडळसुद्धा होतं बरं का, १७१७ साली स्थापन झालेलं, तिथे हाताने काम करणारी माणसं संध्याकाळी जमून गणितं सोडवायची. मला हा तपशील फार आवडतो.

जॉनचा मुलगा पीटर, तोही आधी विणकामच शिकला, पण बापाकडून ऐकलेलं ते प्रकाशाचं आणि भिंगांचं ज्ञान त्याच्या डोक्यात घट्ट बसलं होतं, म्हणून विशीच्या आसपास, १७५० साली, त्याने त्याच वस्तीत व्हाइन स्ट्रीटवर भिंगांचं आणि उपकरणांचं छोटं दुकान टाकलं. चाललं. दोन वर्षांत तो स्ट्रँडसारख्या मोठ्या रस्त्यावर गेला, आणि मग १७५२ मध्ये बाप, वय ४६, आयुष्यभराचं विणकाम सोडून पोराच्या दुकानात रुजू झाला. दुकानांना तेव्हा नंबर नसायचे, पाटीवरच्या चित्रावरून ओळखायचे, यांच्या पाटीवर सोन्याचा चष्मा आणि समुद्रावर कोन मोजायला वापरायचं क्वाड्रंट होतं. त्या पाटीवरून धंदा समजतो, एका बाजूला म्हाताऱ्यांचे चष्मे आणि दुसऱ्या बाजूला जहाजावरची उपकरणं.

आता टिकले कसे हा तुमचा मुख्य प्रश्न. माझं मत सरळ आहे. या घरात जवळपास शंभर वर्षं प्रत्येक पिढीत निदान एक माणूस असा होता जो स्वतः काच घासायला बसायचा किंवा उपकरण स्वतः बनवायचा, आणि नुसतं वाडवडिलांचं होतं तसं न चालवता त्यात काहीतरी नवीन आणायचा. जॉनने रंग न फाकणारं भिंग आणलं (त्याबद्दल पुढच्या पत्रात येतंय), पीटरने १७६५ मध्ये दोनाच्या जागी तीन भिंगं जोडून ते आणखी सुधारलं, पुढे पीटरचा भाचा जॉर्ज याने हवामान नोंदवणारं स्वयंचलित यंत्र केलं आणि ते १८५१ च्या लंडनच्या जगप्रसिद्ध प्रदर्शनात वरच्या पदकाचं मानकरी ठरलं. १७६६ च्या सुमाराला दुकान सेंट पॉल चर्चच्या आवारात गेलं होतं, पीटरच्या जोडीला धाकटा भाऊ जॉन होता, तो १८०४ मध्ये गेला, आणि पीटर स्वतः १८२० पर्यंत जगला. म्हणजे ज्याने विशीत दुकान काढलं त्यानेच जवळजवळ ७० वर्षं ते बघितलं. दादा, तुमची दमछाक मला समजते, पण तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय की अजून ग्राइंडिंग दुकानातच करता, ते वाचून मला तुमच्याबद्दल अजिबात काळजी वाटली नाही.

मी फिजिक्सचा विद्यार्थी आहे. आमच्या पुस्तकात अॅक्रोमॅटिक भिंगाचा शोध डॉलंडने लावला असं आहे, इंटरनेटवर हॉल नावाच्या वकिलाचं नाव येतं. खरा शोध कोणाचा?
*– नाशिक*

हॉलचा. चेस्टर मूर हॉल, एसेक्समधला वकील आणि हौशी गणिती. पण पुढे जे झालं ते समजून घे, म्हणजे पुस्तकात डॉलंड का आहे तेही कळेल.

अॅक्रोमॅटिक म्हणजे रंग न फाकवणारं भिंग. आधी अडचण काय होती ते. साध्या एका भिंगातून प्रकाश गेला की प्रत्येक रंग थोडा वेगळा वळतो, निळा जास्त आणि लाल कमी, त्यामुळे दुर्बिणीतून चंद्र बघितला की त्याच्या कडेला रंगीत झालर दिसते. न्यूटनने प्रयोगांवरून सांगून ठेवलं होतं की प्रकाश वळला की रंग फाकणारच, त्यावर उपाय नाही, आणि म्हणूनच त्याने भिंगाऐवजी आरशाची दुर्बीण बनवली. न्यूटनचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, त्यामुळे पुढे बरीच वर्षं कोणी या वाटेला फारसं गेलं नाही. हॉल गेला. १७३० च्या आसपास त्याने ओळखलं की दोन वेगळ्या जातीच्या काचा घेतल्या, एक क्राउन म्हणजे साध्या खिडकीच्या काचेसारखी आणि दुसरी फ्लिंट म्हणजे शिसं घातलेली जड काच, आणि क्राउनचं फुगीर भिंग आणि फ्लिंटचं खोलगट भिंग एकमेकांना लावलं, तर एकाने फाकवलेले रंग दुसरं परत आणून सोडतं आणि तरी प्रकाश एकत्र यायचा तो येतोच.

गुपित राहावं म्हणून त्याने दोन भिंगं दोन वेगळ्या चष्मेवाल्यांकडे दिली, एडवर्ड स्कार्लेट आणि जेम्स मान. (हा स्कार्लेट म्हणजे कानावर टेकणाऱ्या काड्यांच्या चष्म्याची जाहिरात करणाऱ्या अगदी पहिल्या दुकानदारांपैकी एक, त्याआधी चष्मा बहुतेक नाकावर चिमटवून किंवा हातात धरून वापरायचे.) पण दोघांनीही ते काम बाहेर एकाच कारागिराला दिलं, जॉर्ज बासला, आणि बासला दोन्ही भिंगं एकाच गिऱ्हाइकाची आहेत हे कळलं आणि ती एकत्र ठेवल्यावर काय होतं तेही दिसलं. धंद्यातल्या माणसांना हे पटेल, आजही दोन दुकानांचं काम एकाच ग्राइंडरकडे जातं! हॉलने मात्र ते कुठे छापलं नाही, विकलं नाही, हौस भागली आणि विषय संपला.

जॉन डॉलंड सुरुवातीला न्यूटनच्याच बाजूने होता, ऑयलर नावाच्या मोठ्या गणितज्ञाने न्यूटनविरुद्ध शंका काढली तेव्हा डॉलंडने चक्क न्यूटनची बाजू घेऊन पत्र लिहिलं होतं. मग स्वीडनच्या क्लिंगेनश्टिएर्नाने गणिताने दाखवलं की न्यूटनच्या निष्कर्षात गडबड आहे, तेव्हा डॉलंडने वाद घालत बसण्यापेक्षा १७५७ मध्ये स्वतः प्रयोग केले, आधी पाणी आणि काचेचे लोलक घेऊन आणि मग दोन जातींच्या काचा घेऊन, आणि स्वतःचं आधीचं मत सोडून दिलं. बासकडून त्याला फ्लिंट काचेच्या गुणाची कुणकुण आधी लागली होती असं म्हणतात. पण प्रयोग, मोजमाप, आणि रोज विकता येईल असं भिंग तयार करणं हे काम त्याचंच. १७५८ मध्ये त्याचा निबंध रॉयल सोसायटीत, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या मानाच्या संस्थेत, वाचला गेला, त्याला कॉप्ली पदक मिळालं, त्याच वर्षी पेटंटही मिळालं. १७६१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला, राजाचा अधिकृत चष्मेवाला झाला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीला गेला.

खरी लढाई त्यानंतरची. बापाने पेटंटवरून कोणाला फार त्रास दिला नाही, पण पीटरने पेटंट मोडणाऱ्यांना कोर्टात खेचायला सुरुवात केली तेव्हा १७६४ मध्ये लंडनच्या ३५ चष्मेवाल्यांनी एकत्र येऊन अर्ज केला की हे पेटंट रद्द करा, शोध हॉलचा आहे. त्यात बासही होता. पेटंट रद्द झालं नाही. १७६६ च्या खटल्यात कोर्टाने मान्य केलं की हॉल पहिला, पण म्हटलं की ज्याने शोध टेबलाच्या कप्प्यात कुलूप लावून ठेवला त्याला नव्हे, ज्याने तो लोकांच्या उपयोगात आणला त्याला पेटंटचा फायदा मिळायला हवा. पीटर जिंकला, घर श्रीमंत झालं. मला स्वतःला कोर्टाचं म्हणणं पटतं, पण त्या ३५ जणांतल्या लहान दुकानदारांचं काय झालं असेल हा विचारही मनात येतोच, कारण खटल्याच्या खर्चाने आणि भरपाईने त्यातले काही जण पार बुडाले. तुझ्या परीक्षेत मात्र "हॉलने आधी केलं, डॉलंडने प्रसिद्ध केलं आणि पेटंट घेतलं" असं लिही, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

आमच्याकडे मुलगा नाही. मोठ्या मुलीचा मुलगा ऑप्टोमेट्री (डोळे तपासून नंबर काढायचं शिक्षण) करून आलाय आणि दुकानात बसायला तयार आहे. यजमानांचे भाऊ म्हणतात आडनाव वेगळं, मग घराण्याचं दुकान कसं राहील? तुमचं मत सांगा.
*– एक आजी, चिपळूण*

आजी, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. तुमच्या दिरांना हा पुढचा परिच्छेद जरूर दाखवा.

डॉलंडांचं दुकान १८०५ च्या सुमाराला नेमकं याच वळणावर आलं होतं. पीटर म्हातारा झाला होता, भाऊ गेला होता. तेव्हा दुकान सांभाळायला आला जॉर्ज हगिन्स, पीटरच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे जॉन डॉलंडच्या मुलीचा मुलगा. तो दुसऱ्या कारागिराकडे उमेदवारी करून उपकरणं बनवायला शिकलेला होता, नुसता नात्यावर आलेला नव्हता. भागीदार होताना त्याने कायदेशीर आडनाव बदलून डॉलंड लावलं, आणि आज जुन्या वस्तूंच्या बाजारात ज्या डॉलंड दुर्बिणी मिळतात त्यातल्या कितीतरी त्याच्या काळातल्या आहेत. १८२० मध्ये लंडनची खगोलशास्त्राची संस्था स्थापन झाली त्या संस्थापकांत हा नातू होता. गंमत म्हणजे स्पिटलफील्ड्सचं ते विणकरांचं गणित मंडळ, ते १८४५ मध्ये त्याच संस्थेत विलीन झालं, आजोबांचं मंडळ नातवाच्या संस्थेत.

तुमच्या नातवाला आडनाव बदलायची काहीच गरज नाही, तो काळ वेगळा होता. पाटीवर जे नाव आहे ते राहू द्या.

आणि जावयाचंही सांगते. जॉनची मुलगी सारा हिचं लग्न जेसी रॅम्सडेनशी झालं, यॉर्कशायरमधून आलेला एक उपकरण-कारागीर. लग्नात त्याला पेटंटमधला वाटा मिळाला असं म्हणतात. याने पुढे स्वतःचं वेगळं दुकान काढलं आणि १७७० च्या दशकात वर्तुळावर अंशांच्या अचूक खुणा पाडणारं यंत्र बनवलं, त्यामुळे लहान आकाराची पण भरवशाची मोजणीची उपकरणं स्वस्तात करता येऊ लागली. त्याचा आपल्याशी संबंध आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने भारताची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, त्यात अक्षांश काढायला जे झेनिथ सेक्टर नावाचं उपकरण वापरलं ते रॅम्सडेनच्या कारखान्यातलं. ही मोजणी दक्षिणेकडून वर सरकत सरकत विदर्भापर्यंत आली, आणि १८२३ च्या जानेवारीत लॅम्बटन हिंगणघाटला वारला, त्याची कबर तिथेच आहे. वर्ध्याकडच्या वाचकांनी जाऊन बघावी.

बायफोकल बेंजामिन फ्रँकलिनने शोधला असं वाचलं. तेव्हाच्या चष्मेवाल्यांचं त्यावर काय म्हणणं होतं?
*– निवृत्त शिक्षक, ठाणे*

सर, खास डॉलंडचंच म्हणणं उपलब्ध आहे! म्हणजे फ्रँकलिनच्या पत्रातून. १७८५ मध्ये पॅरिसजवळ राहत असताना त्याने लंडनच्या एका मित्राला लिहिलं, कारण मित्राने कळवलं होतं की डॉलंडच्या मते हा दुहेरी चष्मा काही ठरावीक डोळ्यांनाच चालेल. फ्रँकलिन उत्तरात म्हणतो की डॉलंडला त्याची रचना बहुतेक नीट सांगितली गेली नसावी. मग तो स्वतःच रचना सांगतो, दोन चष्मे होते, एक वाचायचा आणि एक लांबचा, सारखे बदलायचा कंटाळा आला, म्हणून काचा अर्ध्या कापून दोन्हींचे अर्धे अर्धे एकाच गोलात बसवले. पुढे तो म्हणतो की जेवणाच्या टेबलावर ताटातलं अन्नही दिसतं आणि समोर बोलणाऱ्याचा चेहराही दिसतो, आणि फ्रेंच नीट कळत नसेल तर बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरच्या हालचाली बघून अर्थ लागतो.

डॉलंडला दोष देऊ नये असं मला वाटतं. त्या काळी आजच्यासारखी नंबर काढायची पद्धत नव्हती, गिऱ्हाईक दुकानात येऊन ट्रेमधले एकेक चष्मे लावून बघायचं आणि बरं दिसेल तो घेऊन जायचं, अक्षरांचा तो तक्ता डॉक्टर स्नेलनने १८६२ मध्ये केला आणि आपण म्हणतो तो नंबर, म्हणजे डायॉप्टर, १८७० च्या दशकात आला. तेव्हा एखादा अनुभवी दुकानदार नव्या चष्म्याबद्दल जपून बोलला तर ते साहजिक आहे. पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह काचा (मध्ये रेघ नसलेल्या, वरून लांबचं आणि खालून जवळचं दाखवणाऱ्या) आल्या तेव्हा आमच्या दुकानातही सासरे प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी जिना उतरून दाखवायला सांगायचे.

वाड्याच्या माळ्यावर पितळी दुर्बीण सापडली, त्यावर इंग्रजीत डॉलंड लंडन असं कोरलंय. किंमत किती येईल?
*– वाई*

किमतीचं मी सांगू शकत नाही, वस्तू हातात घेतल्याशिवाय कोणीच सांगू नये. पण काही गोष्टी तुम्ही स्वतः तपासा. पहिलं म्हणजे स्पेलिंग. नावात दोन एल आहेत, त्यानंतर ओ हवा. तिथे ए असेल तर ती या घराची नाही. या लोकांची दुर्बीण एवढी नावाजलेली होती, नौदलातले अधिकारी वापरायचे, अमेरिकेच्या थॉमस जेफरसनकडेही होती, की दुसरे कारागीर एक अक्षर बदलून तेच नाव कोरून विकायचे. अशी जुनी नक्कलसुद्धा शंभर-दोनशे वर्षांची असू शकते, तेव्हा फेकून देऊ नका.

दुसरं, उत्तराखंडातल्या रुरकीला जुन्या नमुन्याच्या पितळी दुर्बिणी आणि होकायंत्रं आजही बनतात आणि मुंबईच्या चोर बाजारापासून सगळीकडे विकली जातात, त्यावरही हे नाव असतं. मोठ्या ठळक अक्षरात सालसुद्धा कोरलेलं असेल तर बहुतेक ती शोभेची समजा. अस्सल जुनीवर नाव बहुतेक आतून सरकणाऱ्या नळीवर बारीक वळणदार अक्षरात असतं आणि बाहेरची नळी पुष्कळदा लाकडाची असते.

कोरीव अक्षरांवर पितांबरी किंवा पॉलिश घासू नका, अक्षरं झिजतात. पुढचं भिंग काढलंच तर त्यात दोन किंवा तीन काचा असतील, कोणती पुढे आणि कोणती बाजू वर हे पेन्सिलने कागदावर काढून ठेवा, उलटी बसली की नीट दिसणार नाही. आणि तिच्यातून सूर्याकडे कधीही बघू नका, लहान मुलांच्या हाती तर अजिबात देऊ नका.

भारतात एवढं जुनं चष्म्याचं दुकान आहे का?
*– न्यू जर्सीहून एक वाचक*

एवढं जुनं मला माहीत नाही, पण लॉरेन्स अँड मेयो १८७७ पासून आहे, म्हणजे दीडशे वर्षांच्या उंबरठ्यावर. पाटीवर दोन इंग्रजी नावं आणि चालवतंय मेंडोन्सा कुटुंब, तेही पिढ्यांपासून. मुंबईत फोर्टात दादाभाई नौरोजी रस्त्यावर तुमच्यापैकी कित्येकांनी ती पाटी बघितली असेल. चष्म्यांबरोबर मोजणीची उपकरणंही त्यांच्या धंद्यात आहेत, डॉलंडांच्या पाटीवरचा चष्मा आणि क्वाड्रंट आठवला मला.

ताई, स्पष्ट विचारतो. मोठ्या चेन आल्या, फोनवर फ्रेम मागवतात लोक. आमचं ५० वर्षांचं दुकान आहे, मुलगा म्हणतो विकून टाकू. तुमच्या त्या डॉलंडांचं शेवटी काय झालं?
*– अकोला*

शेवटी विकलंच. जॉर्ज १८५२ मध्ये गेला, मग दुकान घरातल्याच धाकट्या जॉर्जकडे आलं, त्यानंतर विल्यमकडे, आणि १८७१ मध्ये ते घराबाहेर गेलं, चँट नावाच्या माणसाने घेतलं. त्याने नाव तेच ठेवलं कारण नावालाच किंमत होती. इकडे १८८९ मध्ये जेम्स एचिसनने लंडनमध्ये डोळे तपासून चष्मे देणारं दुकान काढलं होतं, ते वाढत गेलं, मुलाने पुढे नेलं, आणि १९२७ मध्ये दोन्ही एक होऊन डॉलंड अँड एचिसन झालं. ब्रिटनभर शेकडो शाखा झाल्या, मालक बदलत गेले, १९९८ मध्ये इटलीच्या डी रिगो या फ्रेम बनवणाऱ्या कंपनीकडे गेलं, आणि २००९ मध्ये बूट्स या औषधवाल्या मोठ्या कंपनीच्या चष्मा शाखेत विलीन झालं. मग हळूहळू पाट्या उतरल्या.

तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर मात्र यातून थेट निघत नाही, कारण लंडन वेगळं आणि अकोला वेगळं. माझ्या अनुभवातलं सांगते. फ्रेमच्या किमतीत तुम्ही ऑनलाइनशी भिडू नका, तिथे हरणार. पण प्रोग्रेसिव्हचं माप, म्हणजे बाहुलीसमोर काचेची उंची नेमकी घेणं, फ्रेम वाकवून त्या माणसाच्या नाकाकानाला बसवणं, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन डोळ्यांच्या नंबरात फरक आला की समजावून सांगणं, लहान मुलाला सिलिंडर नंबर (काच ठरावीक कोनातच बसवावी लागते असा) असताना ती तिरकी न बसू देणं, हे समोरासमोरच होतं. जुनी गिऱ्हाइकं यासाठीच परत येतात. काचेच्या जागी प्लॅस्टिक आलं, वजन जवळजवळ निम्मं झालं, दुकानातलं एमरीच्या भुकटीचं घासकाम गेलं आणि तयार ब्लँक (नंबर घातलेल्या गोल काचा) येऊन फक्त कडा कापायचं यंत्र राहिलं, एवढा मोठा बदल आपण सगळ्यांनी पचवलाच की.

मुलाला जबरदस्ती करू नका. आधी त्याला विचारा, त्याला हे काम नकोय की फक्त गल्ल्यावर बसणं नकोय? दोन्ही वेगळं आहे. ऑप्टोमेट्रीचा कोर्स आता पुण्या-मुंबईत आहे, २०२१ च्या केंद्राच्या कायद्यात ऑप्टोमेट्रिस्टना आरोग्य व्यावसायिक म्हणून जागा मिळालीय, शिकलेला मुलगा त्याच दुकानात क्लिनिक टाकू शकतो. आणि त्याला खरंच नको असेल तर तुमच्याकडे दहा-बारा वर्षं फिटिंग करणारा जो मुलगा आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याला भागीदार करण्याचा विचार करा, परक्याला विकण्याआधी.

पुढच्या वर्षी दुकानाला ७५ वर्षं होतील. छोटी पुस्तिका काढायचीय. कुठून सुरुवात करू?
*– सोलापूर*

नंबरच्या जुन्या वह्यांपासून. लोक आधी उद्घाटनाचे फोटो आणि पुढाऱ्यांची नावं शोधतात, ते नंतर करा. वहीत तारीख, नंबर, पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर), फ्रेमचं नाव, किंमत, बाकी किती, सगळं असतं, त्यावरून कोणत्या साली काचेची क्रिप्टॉक बायफोकल (खाली वाचायचा गोल तुकडा असलेली) बंद झाली, डी बायफोकल (तोच तुकडा इंग्रजी डीच्या आकाराचा) कधी आली, ऊन लागलं की काळी होणारी काच पहिल्यांदा कधी विकली, आठवडी बाजाराच्या दिवशी किती गिऱ्हाइकं यायची, हे सगळं निघेल. फक्त गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर छापू नका, ती त्यांची खासगी गोष्ट आहे.

नंबर काढायच्या सुट्या काचांचा जुना ट्रायल सेट, ट्रायल फ्रेम, हाताने फिरवायचं ग्राइंडिंगचं चाक असेल तर विकू नका, फोटो काढा आणि कोणी कधी वापरलं ते लिहून ठेवा. लंडनमध्ये ऑप्टोमेट्रिस्टांच्या संस्थेचं फक्त या विषयाचं संग्रहालय आहे, १९०१ पासून, आपल्याकडे असं काही व्हायला हवं आणि ते अशाच माळ्यांवरच्या वस्तूंतून होईल. घरातल्या बायकांनाही विचारा, त्या हमखास राहून जातात. आमच्याकडे सासूबाई रात्री जेवणं झाल्यावर सेल्युलॉइडच्या फ्रेमा गरम वाळूत तापवून सरळ करायच्या आणि त्याचा कुठल्याच कागदावर उल्लेख नाही. कारागीर, काचा आणून देणारे एजंट, शेजारचे डॉक्टर ज्यांच्याकडून चिठ्ठ्या यायच्या, सगळ्यांशी बोलून फोनवर रेकॉर्ड करा आणि लगेच करा, वयस्कर माणसांचं पुढच्या महिन्यावर ढकलू नका. पुस्तिका झाली की एक प्रत मला पाठवा, मी वाट बघेन.